फुलपाखरामागे धावू नका, झाडापाशी बसा: घरच्या बागेतले किडे आणि फुलं कशी बघायची, फोटो कसे काढायचे

मोबाईल हातात घेऊन बागेत फुलपाखरामागे धावायचं, हे सगळ्यात आधी सोडून द्या. ते पुढे आणि आपण मागे असं केलं की हललेले फोटो तेवढे मिळतात, कुंड्यांना धक्के लागतात आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते शेजारच्यांच्या आंब्यावर जाऊन बसतं. त्यापेक्षा एक झाड निवडा, समोर मोढा टाकून बसा आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं फोन खाली ठेवून नुसतं बघा. आपण बसलोय याचं किड्यांना फारसं काही वाटत नाही, त्यांना कळते ती हालचाल आणि अंगावर पडलेली सावली, त्यामुळे तुम्ही हललाच नाहीत तर थोड्या वेळात सगळे आपापल्या कामाला लागतात. आणि मग बघता बघता लक्षात येतं की यांच्या जागा ठरलेल्या असतात. चतुर उडतो, एक चक्कर मारतो आणि पुन्हा त्याच काडीच्या टोकावर येऊन बसतो. ती काडी एकदा कळली की फोकस आधीच तिथे लावून ठेवायचा.

झाड कुठलं निवडायचं? इंदुरात आपल्या मराठी घरांत कढीपत्ता नाही असं घर विरळाच, रामबाग असो की सुदामानगर, अंगण नसेल तर गच्चीवर कुंडीत का होईना पण असतो. नाहीतर लिंबू. तिथूनच सुरुवात करा. कोवळ्या पालवीवर, बहुतेक पानाच्या कडेला, फिकट पिवळं मोहरीपेक्षाही लहान गोल अंडं दिसेल, एकेकटं घातलेलं. ते लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराचं असतं, दोघींनाही हीच झाडं लागतात. त्यातून निघालेली अळी आधी काळपट-तपकिरी आणि मधे पांढरा पट्टा अशी असते, पक्ष्याने पानावर घाण केलीय असंच वाटतं, आणि तसं वाटावं म्हणूनच ती तशी असते कारण पक्षी ते खायला जात नाही. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते आणि पानात अशी मिसळते की कुरतडलेली पानं दिसतात पण ती दिसत नाही. गवताच्या काडीने हलकेच स्पर्श झाला तर डोक्यामागून दोन टोकांचं लाल-केशरी शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते, त्याला उग्र वास येतो, ते मुंग्यांना आणि इतर शत्रूंना पळवायला. हे फोटोसाठी मुद्दाम वारंवार करायचं नाही, तिची ताकद त्यात जाते.

इथेच नेमकी माळीभैयाची फेरी येते आणि तो म्हणतो, "भाभीजी, इल्ली लग गई है, दवा डाल दूं?" त्याला नाही म्हणा, प्रेमाने पण ठाम नाही म्हणा. कढीपत्त्याचं वाढलेलं झाड चार-पाच अळ्यांनी मरत नाही, महिन्याभरात पुन्हा पालवी फुटते. झाड अगदीच लहान असेल तर एक-दोन अळ्या ठेवून बाकीच्या फांदीसकट मोठ्या झाडावर नेऊन ठेवा, पण ते लिंबाच्याच कुळातलं हवं, जास्वंदीवर ठेवलीत तर उपाशी मरतील.

कोष झाला की रोज एक फोटो काढा, त्याच जागेवरून, त्याच उजेडात. कोष आजूबाजूच्या रंगाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी असतो आणि कंबरेशी एका बारीक धाग्याने काडीला बांधलेला असतो, तो धागा फोटोत आला पाहिजे. फुलपाखरू बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोष काळपट होतो आणि आतल्या पंखांचे रंग चक्क बाहेरून दिसायला लागतात. तसं दिसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर तयार राहा, ती बाहेर येते ती बहुतेक सकाळीच. आल्यावर पंख चुरगळलेले असतात, ते फुगून वाळेपर्यंत तास-दोन तास ती लटकून असते आणि एवढा वेळ फुलपाखरू पुन्हा क्वचितच तुमच्यासमोर स्थिर राहील. तेव्हा तिला हात लावायचा नाही, फांदी हलवायची नाही, वाळायच्या आत खाली पडली तर पंख वाकडेच राहतात.

बाकी झाडांचं थोडक्यात सांगते. रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू येतं, त्यासाठी रुई घरात लावायचीही गरज नाही, कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटवर ती आपोआप उगवते, मारुतीच्या हारासाठी पानं तोडायला जाताच तर पानाच्या खालच्या बाजूला एकदा बघत जा, पण तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार वाईट असतो. कण्हेरीवर कॉमन क्रो, तिचा कोष चांदीसारखा चकाकतो. कृष्णकमळावर टॉनी कॉस्टर, एरंडावर कॉमन कॅस्टर, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. पानफुटी असेल तर रेड पिएरो, तिची अळी पानावर नाही तर पानाच्या आत राहते आणि आतून पोखरत जाते, पान उजेडासमोर धरलंत तर सावली दिसते. कण्हेर किंवा तगरीवर कधी बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसली आणि तिच्या मानेशी दोन निळे डोळे दिसले तर घाबरू नका, ते खरे डोळे नाहीत, ती ओलिएंडर हॉकमॉथ या पतंगाची अळी आहे आणि चावत नाही.

म्हणजे मुद्दा असा की किडा शोधायचा नसतो, झाड ओळखायचं असतं, झाड माहीत असलं की अर्धा किडा ओळखून झालेला असतो.

फुलांच्या बाबतीत नर्सरीतून आणताना एक बघा, भरगच्च दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची फुलं दिसायला छान असतात पण त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून पराग कमी आणि मधही कमी, माशी येते आणि निघून जाते. साधी एकेरी फुलं लावा. आणि स्वयंपाकघरातल्या कुंड्यांना थोडं मोकळं सोडा. कोथिंबीर, बडीशेप फुलावर आली की आपण उपटतो, ती आठ-दहा दिवस राहू द्या, त्या बारीक छत्रीसारख्या फुलांवर जेवढे वेगवेगळे किडे येतात तेवढे गुलाबावर येत नाहीत. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची आपल्याला सवय असते, आईने शिकवलेलं असतं आणि झाड डेरेदार राहतं हे खरंच आहे, पण एका तुळशीच्या मंजिऱ्या राहू द्या, सकाळी दहाच्या सुमारास तिच्यावर लहानशी फुलोरी माशी, सातेरी मधमाशी, कधीकधी डासाएवढी काळी कोती माशी, सगळ्या एकाच झाडावर बघायला मिळतात.

आता माझं सगळ्यात आवडतं झाड, वांगं. हो, भाजीचं वांगं. त्याचं जांभळं फूल जवळून बघा, मधे पिवळे जाडसर परागकोश एकत्र उभे असतात आणि ते बाजूने फुटत नाहीत, त्यांच्या टोकाला फक्त बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं. आतला पराग हलवल्याशिवाय पडत नाही. नेहमीच्या मधमाशीला ते जमत नाही. पण ब्लू बँडेड बी नावाची एक माशी येते, पोटावर निळसर चमकदार पट्टे, एका जागी फार न थांबणारी, ती फुलाला खालून लटकते, परागकोश घट्ट धरते आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते. त्या क्षणी तिचा आवाज बदलतो. उडताना एक सूर असतो आणि फुलाला धरल्यावर एकदम वरचा, तुटक, झ्झ्झ झ्झ्झ असा. आणि पिवळी पूड तिच्या पोटावर सांडते. काळा मोठा भुंगा पण हेच करतो, पंखांवर निळी-जांभळी झाक असते तो. टोमॅटोच्या फुलांवर पण हेच चालतं. हा फोटो काढायचा असेल तर माशीच्या मागे जाऊ नका, एक खाली वाकलेलं ताजं फूल निवडा, आवाज ऐकू आला की बटण दाबून ठेवा आणि बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ एक फोटो, चालू द्या. व्हिडिओ काढलात तर अजून चांगलं, कारण यात आवाज महत्त्वाचा आहे, फोटोत तो येत नाही.

गुलाबाच्या पानांच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे नीट गोल तुकडे गेलेले दिसले तर तोही रोग नाही. लीफकटर बी ते तुकडे नेऊन आपल्या घरट्याला अस्तर लावते. फवारणी करू नका, पान कापताना पकडता आली तर बघा, अर्ध्या मिनिटाच्या आत काम संपवते.

वेळेचं इंदूरच्या हवेप्रमाणे ठरवावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा किड्यांचं अंग गारठलेलं असतं आणि ऊन अंगावर येईपर्यंत त्यांना उडताच येत नाही. शाल गुंडाळून सात-साडेसातला बाहेर पडलात तर वाळक्या काडीला जबड्याने धरून झोपलेल्या ब्लू बँडेड बी दिसतील, ओळीने, पाय सोडून दिलेले, हे बहुतेक नर असतात, त्यांना घरटं नसतं. दव पडलेला चतुर, पंख मिटलेलं फुलपाखरू, सगळे स्थिर. हे तुमचे क्लोजअपचे दिवस. साडेनऊ-दहानंतर सगळे जागे होतात. एप्रिल-मेमध्ये उलटं, आठनंतर उन्हाचा इतका भगभगाट की फुलं पांढरी पडल्यासारखी दिसतात, तेव्हा सहा-साडेसहाला बसायचं आणि आठला उठायचं. जून अखेरीला पाऊस लागला की मात्र दिवसभर कधीही, ढगाळ उजेड फोटोला सगळ्यात चांगला, सावल्या कडक पडत नाहीत. काळ्या मातीवर पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचा किडा फिरताना दिसला तर जरूर काढा, त्याचे पाय मोजा, आठ आहेत, म्हणजे तो कीटक नाहीच, कोळ्यांच्या नात्यातला आहे.

आता फोन. आधी लेन्स पुसा, सुती कापडाने, आपण पोळ्या लाटता लाटता फोन उचलतो आणि तेलाचे हात लेन्सला लागलेले असतात, अर्धे धूसर फोटो त्यानेच येतात. दुसरं, फार जवळ जाऊ नका. बऱ्याच नव्या फोनमध्ये जवळ नेला की आपोआप वाइड लेन्सवर जातो आणि फुलाचा आकार वेडावाकडा दिसतो, किडा पण उडून जातो, त्यापेक्षा एक वीत मागे राहून दोन पट झूम करा आणि नंतर क्रॉप करा. फोकस लॉक करायला स्क्रीनवर त्या जागी बोट दाबून धरायचं, मग बाजूला सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते ती थोडी खाली ओढायची. ही खाली ओढायची सवय लावाच. मोगरा, तगर, झेंडू, लाल जास्वंद यांचे रंग फोनला झेपत नाहीत, पाकळीवरच्या रेषा जाऊन नुसता पांढरा किंवा लाल डाग राहतो, उजेड कमी केला की रेषा परत येतात. जरा काळसर वाटला तरी चालेल, नंतर उजळवता येतो, जळलेला भाग परत आणता येत नाही.

किड्याचा डोळा फोकसमध्ये हवा. पाय, मिशा, शेपूट धूसर असले तरी चालतं पण डोळा धूसर म्हणजे फोटो गेला. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर फोन त्याच्या पंखांना समांतर धरा, तिरका धरलात तर अर्धा पंख स्पष्ट आणि अर्धा पुसट येतो. आणि खाली वाका, गुडघे दुखत असतील तर कुंडी वर उचलून टेबलावर ठेवा, पण किड्याच्या पातळीला या. वरून उभ्याने काढलेला फोटो नुसती नोंद होते, समोरून काढलेल्या फोटोत त्याचा चेहरा दिसतो.

मागे काय येतंय ते बघा. गच्चीवरची काळी पाण्याची टाकी ही फार कामाची गोष्ट आहे, फूल उन्हात आणि मागे टाकीची सावलीतली बाजू अशी कुंडी ठेवली की स्टुडिओसारखं काळं बॅकग्राउंड मिळतं. कडक उन्हात फुलावर बटर पेपर धरा, उजेड मऊ पडतो, आणि खालच्या बाजूला पांढरा थर्माकोलचा तुकडा धरला की पाकळीखालचा अंधार जातो. वारा असेल तर जमिनीत एक बांबूची काडी रोवून फुलाचा देठ कपड्यांच्या चिमट्याने तिला हलकाच अडकवा. क्लिपवाली मॅक्रो लेन्स काही शे रुपयांत मिळते, ती अंडी, मावा, परागकोश यांच्यासाठी छान, पण किड्यापासून दोन-तीन सेंटीमीटरवर न्यावी लागते, फुलपाखरासाठी तिचा उपयोग नाही. मोठा कॅमेरा असेल तर शंभर मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स, अ‍ॅपर्चर एफ आठ ते अकरा, शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास, आणि फ्लॅशवर बटर पेपर, एवढ्यात काम भागतं.

नुसती फुलं काढायची असतील तर एकाच फुलाची गोष्ट पूर्ण काढा. जास्वंद सकाळी उमलते आणि साधारण एका दिवसात मिटते, कळीपासून मिटेपर्यंत दर दोन तासांनी एक फोटो. मधल्या दांड्यावर पिवळे परागकोश आणि अगदी टोकाला पाच लाल ठिपके, ते पाच वेगळे करून दाखवता आले पाहिजेत. झेंडूची एक "पाकळी" ओढून बघा, ती स्वतंत्र फूल आहे, झेंडू म्हणजे फुलांचा गुच्छ. घाणेरीच्या गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं एकत्र असतात, त्यात पिवळी ताजी, मध असलेली, आणि गुलाबी जुनी, फुलपाखरू सोंड कुठे घालतं ते बघा, बहुतेक पिवळ्यातच. घाणेरी मुद्दाम लावू नका मात्र, ती जंगलात पसरते आणि बाकी झाडांना मारते, असलेली बघा.

फुलावर एखादी माशी बराच वेळ न हलता लटकलेली दिसली तर खाली वाकून बघा. पांढऱ्या तगरीवर पांढरा, पिवळ्या फुलावर पिवळा असा खेकड्यासारखे पुढचे पाय पसरलेला कोळी तिला धरून बसलेला असतो. जाळं नाही, काही नाही, फुलातच दबा धरून. सोडवायला जाऊ नका. तसंच अळीच्या अंगावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष दिसले तर ते छोट्या गांधीलमाशीचे असतात, अळी वाचत नाही, वाईट वाटतं पण ते पण बागेचंच काम आहे आणि त्याचे फोटो फार कमी लोक काढतात. गुलाबावर मावा आला की पाण्याचा फवारा मारा, औषध नको, दोन-चार दिवस थांबलात तर लेडीबग आणि हॉवरफ्लायच्या अळ्या येतात आणि मावा खाऊन टाकतात. हॉवरफ्लाय दिसायला मधमाशीसारखी पण पंखांची जोडी एकच, डोळे मोठे, मिशा अगदी आखूड. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडाच्या आत जातं, मधात आणि परागातही उतरतं, एकदा घातलं की फुलावर येणाऱ्या सगळ्यांनाच ते जातं.

आणि एक विनंती आपल्या इंदूरवाल्यांना. आपल्याला अंगण लख्ख ठेवायची सवय आहे, सकाळी कचरागाडी आली की वाळलेलं पानही शिल्लक राहत नाही, याचा अभिमान मलाही आहे. पण बागेचा एक कोपरा पानांचा ढीग, दोन वाळक्या काड्या, एक कुजकं लाकूड असा राहू द्या, भुंगे लाकडात घरटं करतात, कितीतरी कोष त्या पाल्यात असतात. पाण्यासाठी खडे घातलेली बशी ठेवा, आणि डासांमुळे पाणी रोज बदला.

पावसाळ्यात अमावास्येच्या जवळपास गच्चीवर पांढरी चादर दोरीवर टाकून तिच्यासमोर साधा पांढरा बल्ब लावा, तासाभरात पतंग येतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर मॉथ वीक असतो, घरच्यांना आणि शेजारच्या मुलांना बोलवा. फोटो काढताना टॉर्चचा उजेड पतंगावर बाजूने टाका, समोरून नाही. केसाळ सुरवंटांना मात्र मुलांनी हात लावायचा नाही, शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात त्यांचे थवे असतात आणि फार आग होते. आग्या माशीच्या पोळ्याजवळ तर जायचंच नाही, फ्लॅश तर अजिबात नाही.

नाव शोधायला एका फोटोने भागत नाही. पंख उघडे, पंख मिटलेले, चेहरा, आणि ज्या झाडावर होता त्याचं पान, असे चार असले तर ओळखणाऱ्याला सोपं जातं. कॉमन मॉरमॉनची मादीच बघा, तिची काही रूपं कॉमन रोज आणि क्रिमसन रोज या विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल असतात, वरच्या एकाच फोटोवरून भलेभले चुकतात, कारण खरा फरक अंगात असतो, रोजचं शरीर लाल आणि मॉरमॉनचं काळं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर फोटो टाका, दुसरे लोक नाव सुचवतात आणि जुळलं की नोंद पक्की होते. सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो, तेव्हा घरच्या नोंदीही घेतात. घराचा नेमका पत्ता दिसू नये म्हणून जागेच्या सेटिंगमध्ये "ऑब्स्क्युअर्ड" निवडा, नोंद साधारण त्या भागाचीच राहते, घर कळत नाही. आणि फोटोबरोबर तारीख, वेळ, झाडाचं नाव आणि किडा काय करत होता ते एका ओळीत लिहा, नाव नंतर कोणीही सांगेल पण तो काय करत होता हे फक्त तुम्ही बघितलेलं असतं.